'अजून पिकूक नाय': एका शब्दाचा इतिहास आणि आमच्या आजीचे डोळे

माझ्या आजीचा मोतीबिंदू सहा वर्षं पिकत होता.

२०११ साली गावातल्या शाळेत नेत्रतपासणी शिबिर झालं. बाकावर बसवून, बॅटरीचा उजेड मारून एका तरुण डॉक्टरांनी तिचे डोळे बघितले आणि सांगितलं, "अजून पिकला नाही, पुढच्या वर्षी या." आजी घरी आली ती निर्धास्त होऊन. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "मोतीबिंदू आसा, पण अजून पिकूक नाय." पुढच्या वर्षी शिबिराच्या दिवशी घरात लग्न होतं. त्याच्या पुढच्या वर्षी पायाला लागलं होतं. मग मुंबईचे काका म्हणाले, गणपतीला आलो की नेतो. गणपती आले आणि गेले. देवबागच्या त्या चिंचोळ्या पट्टीवर, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला खाडी, अशा घरात आजी हळूहळू भिंत धरून चालायला लागली. बांगडा आणि तारली हाताने चाचपून ओळखायची. नोटा लांबी-रुंदीवरून ओळखायची, ते २०१६ साली नोटा बदलल्यावर बंद पडलं.

२०१७ मध्ये शस्त्रक्रिया झाली आणि ती अगदी नीट झाली. पण गढूळ भिंग निघाल्यावर डॉक्टरांना डोळ्याचा मागचा भाग दिसला, तेव्हा कळलं की दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे आणि उजव्या डोळ्याची नस बरीचशी गेलेली आहे. मोतीबिंदूने गेलेली नजर परत येते, काचबिंदूने गेलेली येत नाही. मी तेव्हा प्राणिशास्त्रात एमएस्सी करत होते. डोळ्याची आकृती मला झोपेत काढता आली असती. पण 'पिकणं' म्हणजे नक्की काय आणि त्यासाठी थांबायचं का, हा प्रश्न मला सहा वर्षांत एकदाही पडला नव्हता.

माझ्या पीएचडीचा विषय तिथून सुरू झाला. तुमच्यापैकी जे संशोधनाची तयारी करताय त्यांना मी नेहमी सांगते की विषय शोधायला ग्रंथालयात जायच्या आधी घरात कुठला शब्द न तपासता वापरला जातोय ते बघा. आमच्या घरात तो शब्द होता 'पिकणं'.

आधी शरीरशास्त्र थोडक्यात. आपल्या बुबुळाच्या मागे एक पारदर्शक भिंग असतं. वयाबरोबर त्यातली प्रथिनं बदलतात, गुठळतात आणि भिंग गढूळ होतं. हाच मोतीबिंदू. सुरुवातीला धूसर दिसतं, रात्री समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा फाकलेला दिसतो, काहींना चष्म्याचा नंबर वारंवार बदलावा लागतो. वर्षानुवर्षं काहीच केलं नाही तर सगळं भिंग पांढरं होतं आणि बाहुलीत मोती बसल्यासारखा दिसतो. जुन्या भाषेत हा 'पिकलेला' मोतीबिंदू. म्हणजे पिकणं ही कल्पना काही आजीने काढलेली नाही. वैद्यकात ती खरोखर होती, आणि एके काळी तिला पक्का अर्थ होता.

तो अर्थ कळायला जुन्या शस्त्रक्रियेकडे जावं लागतं. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात डोळ्यांच्या ७६ रोगांचं वर्णन आहे आणि त्यात सुई किंवा शलाका वापरून मोतीबिंदू दृष्टीच्या वाटेतून बाजूला सारायची कृतीही आहे. भिंग बाहेर काढायचं नाही, फक्त डोळ्याच्या आतच खाली ढकलायचं. रुग्णाला लगेच उजेड दिसायचा, बोटं मोजता यायची. पुढे बऱ्याच डोळ्यांत दाह व्हायचा, दाब वाढायचा आणि नजर जायची, पण तोवर शस्त्रक्रिया करणारा पुढच्या गावी गेलेला असे. ही पद्धत भारतात आणि इतरत्रही शेकडो वर्षं चालली. आता विचार करा: भिंग मऊ असेल तर सुईने ते फुटणार. घट्ट आणि कडक झालेलं भिंगच अखंड खाली जाणार. म्हणून थांबा, पिकू द्या. सल्ला रास्त होता.

मराठीत काम करायचं ठरवलेल्यांसाठी इथे एक खजिना सांगते, कारण आपल्याला वाटतं की वैद्यकाचा इतिहास इंग्रजी कागदांतच असतो. तंजावरचे मराठा राजे सरफोजी दुसरे (राज्यकाळ १७९८ ते १८३२) यांनी धन्वंतरी महाल नावाची वैद्यकाची संस्था चालवली. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात नेत्ररुग्णांच्या नोंदींची दोन बाडं आहेत, काही मजकूर मोडीत आणि काही इंग्रजीत. त्यातल्या ४४ रुग्णांच्या कागदांचा आधुनिक नेत्रतज्ज्ञांनी अभ्यास केला आहे. रुग्णाची तक्रार, तपासणीत काय दिसलं, उपचार, नंतर काय झालं असं सगळं त्यात आहे, शिवाय डोळ्यांची रंगीत चित्रंही. मला त्यात सगळ्यात थबकायला लावलं ते एका छोट्या गोष्टीने. घरी पाठवताना रुग्णाला थोडी रक्कम दिल्याची नोंद आहे. दोनशे वर्षांपूर्वी त्या दवाखान्याला कळत होतं की डोळे तपासून घ्यायला येणं-जाणं हाच एक खर्च आहे. देवबागहून ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात म्हाताऱ्या माणसाला न्यायचं म्हणजे रिक्षा, एसटी, सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज, हे आजचं गणित फारसं वेगळं नाही. मोडी शिकायचा कंटाळा येत असेल तर ही बाडं आठवा.

युरोपात झाक दाव्हिएल या फ्रेंच शल्यविशारदाने १७४७ मध्ये डोळ्याला छेद घेऊन भिंग बाहेर काढायची पद्धत आणली. मोठी उडी होती, पण 'पिकणं' सुटलं नाही, उलट आणखी घट्ट झालं. भिंगाभोवती एक पातळ पिशवी असते. ही पिशवी फोडून आतलं भिंग काढायचं, तर न पिकलेल्या भिंगाचे चिकट तुकडे आत राहायचे आणि डोळा सुजायचा. पूर्ण पिकलेलं भिंग सुटसुटीत बाहेर यायचं. एकोणिसाव्या शतकात तर काही शल्यविशारद मोतीबिंदू मुद्दाम पिकवायला भिंगाला हलकं मालिश करायचे. वाचताना मला आमच्या घरातली आंब्याची अढीच आठवली!

आंब्यावरून आठवलं. हापूस कोणी सोळा आणे झाडावर पिकू देत नाही. चौदा आणे तयार झाला की उतरवायचा, नाहीतर साका धरतो. हे देवगडपासून वेंगुर्ल्यापर्यंत शेंबडं पोर सांगेल. डोळ्याच्या बाबतीत मात्र आपण सोळा आण्यांची वाट बघत बसलो.

आता कोकणात येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मालवणच्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला डोळ्यांसाठी कुठे जाता आलं असतं? मुंबईला बोटीने, म्हणजे जे.जे. किंवा तिथल्या नेत्ररुग्णालयात. गोव्यात पणजीला, जिथे पोर्तुगीजांनी १८४२ मध्ये वैद्यकीय शाळा सुरू केली होती. आजचं बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज हे तिचंच पुढचं रूप, आणि सिंधुदुर्गातली माणसं अजूनही मोठ्या आजाराला बांबोळीच गाठतात. नाहीतर घाट चढून मिरजेला. तिथे डॉ. विल्यम वॉनलेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ मध्ये उघडलं. वेंगुर्ल्यातही पुढे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉक्टर होते. (अवांतर: त्यांच्यातल्या डॉ. गोहीन यांचा १९१९ साली वेंगुर्ल्यातच जन्मलेला मुलगा, रॉबर्ट गोहीन, पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष आणि भारतातला अमेरिकेचा राजदूत झाला. मी हे मित्रमैत्रिणींना सांगते तेव्हा कोणालाच खरं वाटत नाही.) पण बोट असो की घाट, इतका प्रवास कोणी धूसर दिसायला लागल्यावर करत नाही. अगदी काहीच दिसेनासं झाल्यावर करतो. म्हणजे वैद्यकाने 'थांबा' म्हटलं नसतं तरी भूगोलाने म्हटलंच असतं. माझ्या मते कोकणात हा शब्द इतका मुरला त्याचं एक कारण हे आहे: डॉक्टरांचा सल्ला आणि रस्त्यांची अवस्था दोन्ही एकच गोष्ट सांगत होते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जालंधरमध्ये हेन्री स्मिथ हे लष्करी वैद्यकीय सेवेतले डॉक्टर हजारो मोतीबिंदू काढत होते, तेही भिंग पिशवीसकट. पिशवीच बाहेर आली तर आत तुकडे राहायचा प्रश्न नाही. खरं तर 'पिकू दे'चं पहिलं कारण इथेच मेलं. पण त्याच्या जागी दुसरं कारण येऊन बसलं, आणि हे तुमच्या-माझ्या घरातल्या थोरांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे: जाड भिंगाचा चष्मा.

भिंग काढलं की डोळ्यातली फोकस करणारी ताकद जाते. ती भरून काढायला अधिक दहा नंबरच्या आसपासचा चष्मा लागायचा. त्यातून सगळं पाव हिश्शाने मोठं आणि जवळ दिसतं, कडेचं गायब होतं, दाराची चौकट वाकते. एकच डोळा केला असेल तर दोन डोळ्यांना दोन आकारांचं जग दिसतं आणि डोकं गरगरतं. हा चष्मा होडीत पडला, भरतीत गेला किंवा नातवाने मोडला की माणूस पुन्हा आंधळा. असा सौदा कोण लवकर करेल? जेमतेम दिसतंय तोवर दिसू दे, अगदीच संपलं की करू. हाही सल्ला रास्तच होता.

आणि याच काळात शिबिरं आली. आपल्या शेजारच्या विजापूर जिल्ह्यातले, तेव्हाच्या मुंबई प्रांतात जन्मलेले डॉ. मुरुगप्पा चन्नवीरप्पा मोदी हे या काळाचं मोठं नाव. १९६८ मध्ये तिरुपतीला त्यांनी एका दिवसात ८३३ मोतीबिंदू काढल्याचा विक्रम नोंदला गेला. शाळा, धर्मशाळा, मांडव, ओळीने खाटा, डोळ्यांवर पट्ट्या. गावोगावच्या लाखो माणसांना यामुळे नजर मिळाली, आणि तेव्हा दुसरा कुठला मार्ग होता असं मला वाटत नाही. पण शिबिराची एक अंगभूत सवय असते. खाटा मोजक्या, दिवस एक-दोन, डॉक्टर दोन-चार. मग निवड करावी लागते. ज्याला काहीच दिसत नाही त्याला आधी घ्यायचं. बाकीच्यांना काय सांगायचं? "तुमचा अजून पिकला नाही." नकार द्यायची इतकी सभ्य रीत दुसरी नाही. समोरच्याला अपमान वाटत नाही, उलट दिलासा वाटतो. डॉक्टरांच्या तोंडी हा शब्द तेव्हा डोळ्याचं वर्णन कमी आणि रांगेचं व्यवस्थापन जास्त होता, असा माझा दावा आहे. माझे मार्गदर्शक म्हणतात की दावा आवडला, पुरावा आणा. मी आणतेय.

मग कारणं संपली. १९४९ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरल्ड रिडली यांनी पहिल्यांदा डोळ्याच्या आत कृत्रिम भिंग बसवलं. महायुद्धात विमानाच्या काचेचे, म्हणजे पर्स्पेक्सचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यांत घुसले तरी डोळा ते मुकाट्याने सहन करतो, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यांच्या व्यवसायबंधूंनी त्यांना बरीच वर्षं वेड्यात काढलं. हे भिंग महाग होतं, परदेशी होतं, आणि आपल्या शिबिरांपर्यंत पोचायला चाळीसहून अधिक वर्षं गेली. १९७६ साली भारत सरकारचा राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, आणि त्याच वर्षी मदुराईला डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी ११ खाटांचं अरविंद नेत्ररुग्णालय उघडलं. अरविंदने १९९२ मध्ये ऑरोलॅब काढून भिंगं स्वतः बनवायला घेतली आणि किंमत आयात भिंगाच्या छोट्याशा अंशावर आली. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या मदतीने सात राज्यांत मोतीबिंदूचा मोठा प्रकल्प चालला, महाराष्ट्र त्यातलं एक. शाळेतल्या खाटा कमी झाल्या, रुग्णाला रुग्णालयात आणून भिंग बसवायची पद्धत रुळली.

आता भिंग आतच बसतं, जाड चष्मा गेला. उरलेले तुकडे स्वच्छ करायची साधनं आली. नव्या पद्धतीत ध्वनिलहरींनी भिंग फोडून ओढून घेतात, आणि भिंग जितकं कडक तितकी जास्त ऊर्जा लागते, बुबुळाला धोका जास्त. म्हणजे गणित पूर्ण उलटलं: पूर्वी न पिकलेला मोतीबिंदू अवघड होता, आता फार पिकलेला अवघड आहे. शिवाय फार थांबलं तर भिंग फुगून डोळ्यातल्या पाण्याची वाट अडवतं किंवा त्यातली प्रथिनं झिरपून निचरा तुंबतो, दोन्हीत दाब एकदम वाढतो, डोळा लाल होतो, असह्य दुखतो आणि वेळेत उपचार नाही झाले तर कायमचा जाऊ शकतो. आजचा नियम साधा आहे. रोजची कामं अडायला लागली की डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. पिकण्याशी संबंध नाही.

मग २०११ साली देवबागच्या शाळेत तो शब्द कसा शिल्लक होता?

इथे तुमच्या-माझ्या कामाचा भाग येतो, म्हणून जरा थांबते. शब्द टिकतो त्याचं एक कारण मोजणी. तुम्ही काय मोजता त्यावर लोक काय करतात ते ठरतं. आपला अंधत्व कार्यक्रम अनेक वर्षं मुख्यतः शस्त्रक्रियांचा आकडा मोजत आला आणि स्वयंसेवी संस्थांना अनुदानही प्रति शस्त्रक्रिया मिळत असे. आजीचा डोळा २०११ मध्ये आतून नीट तपासला असता, दाब मोजला असता, तर ती कुठल्याच रकान्यात 'यश' म्हणून आली नसती. एक शस्त्रक्रियाही वाढली नसती. फक्त एक नस वाचली असती.

दुसरं, अंध कोणाला म्हणायचं. तुम्ही वाचाल की भारतात अंधत्वाचं प्रमाण १९७१-७४ च्या सर्वेक्षणात १.३८ टक्के होतं, १९८६-८९ मध्ये १.४९, २००१-०२ मध्ये १.१ आणि २०१५-१९ मध्ये ०.३६ टक्के. आलेख काढला तर डोळे दिपतात. पण सुरुवातीच्या सर्वेक्षणांत ६/६० पेक्षा कमी नजर म्हणजे अंधत्व होतं: निकोप नजरेला जे ६० मीटरवरून दिसतं ते या माणसाला ६ मीटरवरूनही दिसत नाही. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येशी जुळवून ती रेषा ३/६० वर आणली. ६/६० आणि ३/६० च्या मधली माणसं त्या दिवशी नजर न सुधारताच अंधत्वातून बाहेर आली. प्रमाण खरोखर घटलेलं आहे यात शंका नाही, शस्त्रक्रियाही प्रचंड झाल्या आहेत. पण हा सगळा उतार शस्त्रक्रियांचा नाही, काही उतार व्याख्येचा आहे. किती, हे वेगळं काढता येतं का, तो चांगला प्रश्न आहे. कोणाला घ्यायचा असेल तर घ्या, माझ्या वाट्याला आधीच पुरेसं आहे. तक्त्याखालची बारीक टीप वाचल्याशिवाय दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवू नका, एवढं मात्र मी हात जोडून सांगते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त शिकवून गेली. पन्नाशीपुढच्या लोकांतलं टाळता येण्याजोगं अंधत्व थोड्या खर्चात मोजायची एक जलद पद्धत जगभर वापरतात. त्यात मोतीबिंदू असूनही शस्त्रक्रिया न केलेल्यांना कारण विचारतात आणि उत्तर ठरावीक पर्यायांत बसवतात: पैसे नाहीत, सोबत न्यायला कोणी नाही, भीती वाटते, गरज वाटत नाही, देवाची इच्छा. या पद्धतीने केलेल्या अनेक जुन्या अभ्यासांत आणखी एक पर्याय आहे: 'मोतीबिंदू पिकायची वाट बघतोय.' तो वाचला तेव्हा मी जागेवरून उठलेच. माझी आजी त्या पर्यायात तंतोतंत बसते. पण तो रकाना एक गोष्ट लपवतो. हे उत्तर कोणाचं? म्हातारीच्या मनातली जुनी समजूत, की डॉक्टरने दिलेला सल्ला? पहिलं असेल तर उपाय जनजागृती. दुसरं असेल तर जागृती करायची ती डॉक्टरांची, किंवा शिबिराच्या रचनेची. तक्त्यात मात्र दोन्ही 'रुग्णाकडचा अडथळा' म्हणून छापले जातात. मी माझ्या प्रश्नावलीत एक साधा उपप्रश्न घातला: "असं तुम्हांला कोणी सांगितलं?" चार शब्द वाढले आणि माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण तयार झालं.

या सगळ्या इतिहासात काचबिंदू कुठेच नव्हता, हे लक्षात आलं का तुमच्या? मीही लिहिताना त्याला विसरलेच होते, आणि तेच त्याचं लक्षण आहे. बहुतेकांत तो दुखत नाही, बाहुली पांढरी होत नाही. कडेची नजर आधी जाते आणि मधली शाबूत राहते, त्यामुळे माणूस पेपर वाचतो आणि चौकटीला धडकतो, नि म्हणतो वय झालं. चेन्नईच्या संशोधकांनी तमिळनाडूत घरोघर तपासणी केली तेव्हा काचबिंदू सापडलेल्या ग्रामीण लोकांतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त जणांना तो असल्याचं आधी माहीतच नव्हतं. आपल्या राज्यातही नागपूरजवळच्या आठ खेड्यांत तिशीपुढच्या ४७११ लोकांची अशी सविस्तर नेत्रतपासणी झालेली आहे. कोकण किनाऱ्यावर असं काम व्हावं असं मला फार वाटतं, कारण इथलं ऊन वेगळं आहे, पाण्यावरून परत उसळणारं. अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरावरच्या ८३८ मच्छीमारांचा अभ्यास १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जन्मभर अंगावर घेतलेली अतिनील किरणं जितकी जास्त, तितका भिंगाच्या बाहेरच्या थरातला मोतीबिंदू जास्त, असं दिसलं. साधी काठाची टोपी आणि चष्मा यांनी ही किरणं बरीच अडतात. रापणीवर डोक्याला फडकं गुंडाळून उभ्या असलेल्या आमच्या काकांना मी टोपी नेऊन दिली. ती त्यांनी ऐटीत खुंटीला लावून ठेवली आहे.

म्हणून नियमित तपासणी. चाळिशी लागली की चष्म्याच्या दुकानात नंबर काढून मोकळं न होता एकदा दाब आणि नस बघून घ्यायची. साठीनंतर दरवर्षी. मधुमेह असेल तर वय न बघता दरवर्षी, बाहुली मोठी करायचं औषध घालून, कारण मागच्या पडद्यावरची खराबी तशीच दिसते. आणि घरात कोणाला काचबिंदू असेल तर सख्ख्या भावंडांनी आणि मुलांनी आधी, कारण त्यांना धोका कित्येक पट जास्त असतो.

या शेवटच्या वाक्यामुळे गेल्या मे महिन्यात मी आजीच्या धाकट्या बहिणीकडे आचऱ्याला गेले. तिला ठणठणीत दिसतं. सुईत दोरा ओवते, म्हणजे चाळिशी लावून. मी म्हटलं, चल, डोळे दाखवून येऊ. ती म्हणाली, "माका सगळा दिसता गो बाय, मगे कित्याक जावचा?" मी काचबिंदू, नस, दाब, भावंडं सगळं सांगितलं. मन लावून ऐकल्यावर तिने विचारलं, "पण तो पिकाक किती दिस लागतत?"

मी म्हटलं, तो पिकत नाय.

तिला ते पटलं नाही. पण आली. दाब वाढलेला निघाला, नस अजून चांगली आहे. आता रोज रात्री एक थेंब. बाटली फ्रीजमध्ये, कोकमाच्या आगळाशेजारी, आणि ती संपायच्या आधी दुसरी मालवणहून आणून ठेवायची जबाबदारी माझ्या चुलत भावाची.